परब सरांची रोयण

परब सरांच्या वर्गात कोणी 'हजर' म्हणत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि खणखणीत सांगायचं, "जितो आसा, सर!" मुलगी असली तर "जिती आसा, सर!" सबंध आठवी 'ब' रोज सकाळी अशी एकामागून एक आपण जिवंत असल्याची ग्वाही द्यायची. पलीकडच्या वर्गात मी पानिपत शिकवत असायचो. माझी माणसं धडाधड पडत असायची आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "जितो आसा, सर!"

"हजर काय, बाकसुद्धा आसता," सर म्हणायचे. "तुमच्या आदी येता, तुमच्या मागसून रवता, कदी रजा घेणा नाय. मग तेचीय हजेरी घेवया?"

गैरहजर मुलाच्या नावाला कोणी उत्साहाने "मेलो, सर!" म्हटलं की हजेरी तिथेच अडायची. "पुरावो?" सर विचारायचे. "तू बघून आयलंस? श्वास बघितलंस? नाडी बघितलंस? बघूक नाय, तर मेलो म्हणूचा नाय. माहीत नाय म्हणूचा." आणि हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे ते चक्क प्रश्नचिन्ह काढायचे. महिनाअखेर तो पट हेडमास्तरांच्या हातात पडला की त्यांचा रक्तदाब वाढायचा.

एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी हा प्रकार ऐकला. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "सजीवांची लक्षणां, साहेब." "पण हजेरीत?" "हजेरीतच तर कळता, आसत काय नाय ती." साहेब विज्ञानाचे नसावेत. त्यांनी शेऱ्यात 'उपक्रमशील शिक्षक' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेले.

गोव्यातल्या साखळी गावच्या त्या शाळेत मी नवा लागलो तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. गाव पेडण्याकडचं. उंची बेताची, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खिशात कायम सहा इंची पट्टी. पेन विसरतील, पट्टी विसरायचे नाहीत. सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. चित्रकलेच्या बाई म्हणजे "चित्रकला बाय", मी म्हणजे "ए इतिहासा". माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

मला भाड्याचं घरही त्यांनीच बघून दिलं, त्यांच्या घराला लागूनच. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं त्यांचं कौलारू घर होतं. दिवसभर खनिजाचे ट्रक धावत आणि सकाळी वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी तांबडे होऊन घरात येत. सर एकटेच राहत. त्यांची बायको मी यायच्या आधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. यापलीकडे मी कधी काही विचारलं नाही.

विचारायचं सोडून बाकी सगळं करायची मला खोड आहे. कोणाचा नळ गळत असेल, कोणाच्या दाराची कडी सैल झाली असेल, मी न सांगता जाऊन दुरुस्त करतो. लोक तोंडावर "बरां केलंत" म्हणतात. माझी बायको म्हणते, "तुमकां कोणें सांगिल्लें?"

सरांचे सहा सवाल साऱ्या साखळीला तोंडपाठ होते. खाता काय? श्वास घेता काय? हालता काय? वाडता काय? टोचल्यार कळता काय? आणि शेवटचा, आपल्यासारख्यां दुसरां करता काय? समोर येईल त्या वस्तूला या सहातून जावं लागे. पणजीच्या बसमध्ये बसले की कंडक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांची परीक्षा सुरू होई. "डिझेल खाता. धूर सोडता. हालता, आज तरी. टोचल्यार..." इथे ते घंटेची दोरी ओढायचे आणि बस थांबायची. "टोचल्यार कळता. पण वाडणा नाय, पिल्लां घालणा नाय. नापास! सोड गाडी." कंडक्टर कपाळाला हात लावायचा. त्याने सरांना कधी खाली उतरवलं नाही, कारण त्याची तिन्ही मुलं सरांच्या हाताखालून गेली होती.

सरस्वतीपूजनाला त्यांनी समईची ज्योत परीक्षेला बसवली. तेल खाता. भांडां पालथां घातल्यार मरता, म्हणजे श्वास घेता. हालता, वाडता. फुंकर मारल्यार कळता. ह्या वातीवयली त्या वातीक लायल्यार पोर होता. "साच्या सा पास! मग ज्योत जिती काय रे?" मुलं गडबडली. अर्धी हो म्हणाली, अर्धी नाही. सरांचा चेहरा फुलला. "जिती नाय. आमचे सवालच उणे पडतत. सवाल उणे आसत, हां ध्यानात ठेवा." आणि ते समाधानाने प्रसादाचे पोहे खायला बसले. आपण हरलो की या माणसाला आनंद व्हायचा.

पुढे कधीतरी खेचराचा विषय निघाला. खेचराला पोर होत नाही, मग ते निर्जीव का, असं सरांनी विचारलं. एक मुलगी उभी राहिली. वात्रट नव्हती, हुशार होती. "सर, तुमकां भुरगीं नात. मागीर तुमी जिते काय मेल्ले?"

मूल नसल्याचं असं तोंडावर ऐकून वर्ग गार पडला. भिंतीपलीकडे मीही खडू हातात धरून थांबलो. तेवढ्यात सरांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. "शाब्बास! सव्या सवालात तुमचो सर नापास. लिवन घे." मधल्या सुट्टीत मी हा किस्सा शिक्षकखोलीत साग्रसंगीत सांगितला, सरांच्या आवाजाची नक्कल करून. सर दारात उभे होते ते मला दिसलं नाही. ते आत आले, कपात चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "इतिहासा, आवाज बरो काडतंस." त्या दिवसाची अजून मला लाज वाटते.

ते दिवस गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादाचे होते. शिक्षकखोलीत दोन तट पडले होते आणि दोन तटांच्या चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या झाल्या होत्या. मी कडवा मराठीवाला. गणिताचे शिक्षक कडवे कोकणीवाले. आम्हा दोघांच्या आया घरी एकाच बोलीत आमच्यावर ओरडायच्या, ही गोष्ट दोघेही सोयीने विसरलो होतो. दोन्हीकडून सरांची ओढाताण सुरू झाली. तुम्ही कोणाचे ते एकदा सांगून टाका.

"थांबा, तपासूया," सर म्हणाले. "भाषा खाता काय? दोगांची डोकी खाता. हालता काय? एका गावातसून दुसऱ्या गावात जायसर बदलता. टोचल्यार कळता काय? तां आता बघतंयच. ऱ्हवली पोरां. मी बोलतंय तां कोणाचां पोर?"

मी म्हटलं मराठीचं. गणित म्हणाले कोकणीचं.

"बघा! आपलां म्हणान दोगेय धावतत. म्हणजे पोर जितां आसा आणि बऱ्या घरचां आसा. तेका जेवक घाला. वडून वडून मारू नकात." त्यानंतर दोन दिवस दोन्ही किटल्यांनी सरांना चहा दिला नाही. आपापल्या तटाचा अपमान झाला याबद्दल मात्र आम्हा सर्वांचं एकमत होतं.

बाहेर असे हे सवाल चेष्टेचे वाटायचे. घरात ते फार गंभीरपणे चालत. सरांच्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात रोयण होती.

आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात. परक्याला ती वाळवीने रचलेली माती दिसते. आम्हाला ती सातेरी देवी. कितीतरी देवळांच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही, रोयणच आहे. ती घरात उगवली तर मोडायची नाही. हळदकुंकू वाहायचं, तिला जागा करून द्यायची आणि आपण बाजूला सरायचं. मोठ्या घरांना हे परवडतं. सरांच्या दोन खोल्यांपैकी एक रोयणीला गेली होती आणि ते स्वतः बाहेरच्या खोलीत एका अरुंद खाटेवर झोपत होते.

सर हळदकुंकू वाहत नसत. देवधर्माचं त्यांना वावडं होतं. दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते पट्टी घेऊन रोयणीपुढे बसायचे आणि तिची उंची मोजायचे. भिंतीवर पेन्सिलीची बारीक रेघ, शेजारी आकडा, मग तोच आकडा एका लांबट वहीत. मी पाहिली तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती. रोयणीच्या भोकाशी उदबत्ती धरली की धूर आत ओढला जाई. सर डोळे मोठे करून सांगायचे, "श्वास!" काडीने एक बारीक भोक पाडलं की दुसऱ्या दिवशी ते बुजलेलं असे. "घाव भरता. तुझो भरता तसो."

"पण सर, जिवंत आहे ती वाळवी. माती मेलेलीच," मी एकदा म्हटलं.

"बरां. मग वाडता तां कोण? वाळवी वाडान इतकी जायत? ती मुगयेएवडी. माती आपसून वाडात? नाय. पण हां..." त्यांनी तळहात रोयणीवर अलगद ठेवला. "हां वाडता. मग हां कोण, सांग."

सहाव्या सवालासाठी ते अंगणभर आणि परसभर वाकून फिरत, कुठे दुसरी रोयण उगवतेय का बघत. मी कुंपणावरून विचारायचो, "सर, निकाल कधी?" ते म्हणायचे, "तपास चालू आसा." नऊ वर्षं तपास चालू होता. "एवढ्यात तर दिवाणी खटलासुद्धा सुटतो," मी चिडवायचो. ते हसून म्हणायचे, "घाय कित्याक? आज निकाल लायलो तर उद्या काय करू?" मला तो विनोद वाटायचा.

गोवा राज्य होणार होतं त्या मे महिन्यातली गोष्ट. विज्ञानाच्या शिक्षकांचा दहा दिवसांचा वर्ग पणजीला होता आणि तिथेच राहायचं होतं. मे महिन्यात आमच्याकडे घरोघर पावसाआधी कौलं परततात, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवतात. सरांनी जाताना मला किल्ली दिली. "तुझी परतून झाली की माझीय परतून घे. बाकी खंयय हात लाव. कोपऱ्याक लावू नको. वयर कचरो पडता नये, पाणी पडता नये." मी मान डोलावली. आत जाऊन बघितलं तर रोयणीवर त्यांनी स्वतःची पांघरायची चादर घालून ठेवली होती.

कौलं परतायला मारुती गवंडी होता, बेळगावकडचा. खाणीवर कामाला आलेला आणि मग इथेच राहिलेला. सरांचं छप्पर उघडल्यावर त्याने मला वर बोलावलं. कोपऱ्यावरचे चार वासे त्याने अंगठ्याने दाबून दाखवले. आतून नुसता भुसा. रोयणीपासून मातीची एक बारीक नळी भिंतीवरून चढत थेट वाशांत गेली होती, आणि तिथून मधल्या आढ्याला लागली होती. तेच आढं पुढे बाहेरच्या खोलीवरून, बरोबर सरांच्या खाटेवरून गेलं होतं.

"ह्यो पावसाळा काढत न्हाई, सर. खाली कोन निजतंय?" मारुतीने विचारलं.

"वासे बदलता येतील?"

"येतील की. पर खाली ते हाय तंवर नवं बी खानारच."

"मग ते काढून टाकू."

मारुती म्हणाला, "वारूळ? आमच्याकडं न्हाई मोडत, सर. पाप लागतंय."

मी त्याला एक भाषण दिलं. हे घर विज्ञानाच्या शिक्षकाचं आहे. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ही फक्त माती आणि किडे आहेत आणि छप्पर डोक्यावर पडलं तर एक माणूस मरेल. बोलताना माझं मलाच फार पटत होतं. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती ताट वाढता वाढता थांबली. "तांकां विचारल्याबगर हात लावं नाकात."

"अगो, तांच्याच बऱ्याखातीर," मी म्हटलं.

साखळीहून पणजीला दर थोड्या वेळाने बस होती. तासाभराचा रस्ता. सकाळी जाऊन, सरांना भेटून, जेवायला मी परत आलो असतो. गेलो नाही. मी स्वतःला सांगितलं, वेळ कुठे आहे, कौलं उतरवून ठेवलीत. खरं कारण वेगळं होतं. विचारलं तर ते नको म्हणतील हे मला ठाऊक होतं आणि मला नकार ऐकायचा नव्हता. एका माणसाचं भलं करायची संधी मी हातची घालवणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मारुती कुदळ घेऊन नुसता उभा राहिला. "पयला घाव तुमी घाला, सर. मग मी करतो." मी चादर काढून घडी घालून ठेवली आणि घाव घातला. वरचं कवच कडक होतं, आत पोकळ. फुटलेल्या जागेतून मी हात घातला तर आत ओल होती आणि चांगलीच ऊब होती. मे महिन्याचा उकाडा असेल, असं म्हणून मी हात बाहेर काढला. पुढचं मारुतीने केलं. दुपारपर्यंत औषध ओतून झालं, घमेली भरभरून माती माडाच्या मुळाशी गेली. मी मारुतीसाठी चहा आणायला घरी गेलो. तेवढ्यात त्याने कामाचा माणूस म्हणून, चुना लावायच्या आधी ओल्या कुंच्याने रोयणीमागची तेवढी भिंत वरून खाली धुवायला घेतली.

चहा घेऊन आलो तर तो खाली वाकून बघत होता. "सर, हितं कायतरी ल्हिवलंय."

रोयणीच्या मातीखाली इतकी वर्षं झाकलेला भिंतीचा तो भाग होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. अक्षर सरांचं नव्हतं. बारीक, थरथरतं, बाईचं. पलंगावर पडल्या पडल्या हात खाली सोडून लिहिल्यासारखं. 'आज दोन बोटां.' त्याच्यावर, 'आज अडीच.' त्याच्यावर, 'आज कायच नाय. रुसलां.' आणि कडेला, जेमतेम वाचता येईल असं, 'वायच दूद घातलां. ह्यांका सांगूक नाय.' त्याच्या वर भिंत ओली होती. आणखी किती ओळी होत्या हे कुंच्यालाच माहीत. त्याहून वर, रोयणीच्या बाजूला कुंचा न लागलेल्या भिंतीवर, सरांच्या रेघा सुरू होत होत्या. तिथे बोटं नव्हती, सेंटिमीटर होते.

मी मारुतीच्या हातातला कुंचा ओढून घेतला. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "मी काय केलं, सर?" त्याने काहीच केलं नव्हतं.

सर यायला अजून सहा दिवस होते. आता तरी पणजीला जावं आणि सांगावं, असं रोज सकाळी ठरवायचो आणि रोज बस जाऊ द्यायचो. न सांगता केलं होतं, तसंच न सांगता राहिलो. सर परत आले तो दिवस नेमका राज्य झाल्याचा. बाजारात फटाके, ढोल, जो भेटेल त्याच्या हातावर पेढा. दोन्ही तटांचे लोक एकमेकांना पेढे भरवत होते. मीही एक डबा आणून ठेवला होता. दुपारी सर बसमधून उतरले, हातात पिशवी, आणि लांबूनच म्हणाले, "इतिहासा, आता तुका नवो धडो शिकवचो पडतलो!"

"सर," मी म्हटलं, "वासे खाल्ले होते. आढ्यापर्यंत गेली होती वाळवी. तुमच्या खाटेवर..." पुढचं वाक्य मी फार वेळा पाठ केलं होतं, पण ते आलं नाही. सर पिशवी ओसरीवर ठेवून आत गेले.

मी दारात उभा राहिलो. कोपरा रिकामा होता. वर नवे वासे होते, भिंतीला मी चुना लावू दिला नव्हता. सर हळूच जमिनीवर बसले आणि त्या ओळींकडे वाकले. वाचता वाचता ते हसले, तेव्हा मी दचकलो.

"दूद!" ते म्हणाले. "बोटां माका म्हायत होती. दूद म्हायत नाय होतां. मी हंय वाड मोजतंय आणि ही चोरून दूद घालता. प्रयोग सुरवातीसूनच बिघडलेलो."

ते बोलत राहिले, भिंतीकडे बघत, वर्गात बोलायचे त्याच आवाजात.

"तिणां आंथरूण धरलां, तेच्या दुसऱ्या म्हयन्यात हां वयर आयलां. तिच्या खाटीकडेन. मी खोरां घेवन आयलंय मोडूक. ती म्हणाली, तुमचे सवाल आदी तेका विचारा. जितां काय मेल्लां तां ठरवा, मगे मोडा. मी म्हटलां, बरां. ठरल्याबगर मोडूचंय नाय." ते थांबले. "ती गेली. मगे मी ठरवकच नाय. आमच्या घरात वाडणारां तेवडांच होतां रे."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि रडलो. चाळिशीला आलेला माणूस, पोरासारखा रडलो. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गप रे. आढां पडलां आसतां तर मी मेलंय आसतंय, तां खरां. आणि तां काय होतां? मातीच ती."

सहा दिवसांत पहिल्यांदा मला श्वास घेता आला. नऊ वर्षं जे त्यांनी म्हटलं नव्हतं ते आज माझ्यासाठी म्हटलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. सुटलो, एवढंच मला कळलं. त्या सुटकेच्या भरात मी धावत घरी गेलो, पेढ्यांचा डबा घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर उघडा धरला. "सर, तोंड गोड करा. आपलं राज्य झालं."

सरांनी हात मागे घेतला. "आज नको रे," ते म्हणाले. "धा दीस घरात गोड आणू नको. सुतक आसा माका."

मी डबा मिटून परत आलो. रस्त्यावर पोरं फटाके लावत होती. बायकोने पेढे मोजल्यासारखे बघितले आणि विचारलं, "घेतले नात?"

"सुतक आसा म्हण्टात."

"सुतक? कोण गेलें तांगेर?"

मी उंबऱ्यावर बसलो.

"तांगेलें भुरगें," मी म्हटलं. "म्हज्या हातान."